भिंगातून सूर्य पेटेल काय?

बहिर्गोल भिंगाखाली धरलेल्या कागदावर प्रथम तपकिरी डाग पडतो, मग धूर निघतो आणि क्षणार्धात कागद पेट घेतो. हा प्रयोग केला नाही असा विद्यार्थी विरळाच. पुढे वरच्या वर्गात गेल्यावर तोच विद्यार्थी शिकतो की, सूर्य म्हणजे कोळशाची वा लाकडाची शेकोटी नव्हे. तेथे हायड्रोजनची अणुकेंद्रके एकमेकांत मिसळून हेलियमची अणुकेंद्रके बनतात आणि त्या मिसळण्यातून अपार ऊर्जा बाहेर पडते. या क्रियेस केंद्रकीय संमीलन म्हणतात. या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवल्या की एक प्रश्न आपोआप उपस्थित होतो. ज्या प्रकाशाचा जन्मच संमीलनातून झाला, तो प्रकाश पुरेशा मोठ्या भिंगाने एका बिंदूवर एकवटला, तर त्या बिंदूवर संमीलन घडवून आणता येईल काय? पृथ्वीवर एक छोटासा सूर्य पेटविता येईल काय?

हा प्रश्न पोरकट नाही. त्याचे उत्तर शोधताना प्रकाशशास्त्र, उष्णतेचे नियम आणि अणुविज्ञान या तिन्ही दालनांत आपल्याला डोकवावे लागते. शिवाय, 'भिंग मोठे केले की झाले' हे जे उत्तर पहिल्या झटक्यात सुचते ते चुकीचे आहे. आणि ते का चुकीचे आहे हे समजून घेण्यातच या अभ्यासाचे खरे फळ आहे.

संमीलनाला काय लागते?

प्रत्येक अणुकेंद्रकावर धन विद्युतभार असतो. सजातीय भार एकमेकांना दूर ढकलतात, हे आपण जाणतोच. दोन केंद्रकांना जोडणारे जे प्रबळ आकर्षण आहे, ते मात्र अतिशय जवळ आल्याखेरीज जाणवत नाही. एका मीटरचे एक कोटी भाग करावे, त्यांतील एका भागाचे पुन्हा दहा कोटी भाग करावे, म्हणजे जे अंतर उरेल त्याच्या आसपासची ही जवळीक आहे. इतके जवळ येण्यासाठी केंद्रकांनी प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळले पाहिजे. पदार्थाचे तापमान म्हणजे त्यातील कणांच्या धावपळीचे माप होय. म्हणून संमीलनासाठी तापमान फार उच्च असावे लागते.

सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे आणि तेथील द्रव्य पाण्याच्या सुमारे दीडशे पट घन आहे. आश्चर्याची गोष्ट अशी की, केवळ जुन्या गतिशास्त्राच्या हिशेबाने पाहिले तर दीड कोटी अंशसुद्धा अपुरे ठरतात. १९२८ मध्ये गॅमॉव्ह यांनी पुंजभौतिकीच्या आधारे असे दाखविले की, कण समोरचा अडथळा ओलांडण्याइतके बलवान नसले, तरी त्यांतील अत्यल्प कण तो भेदून पलीकडे जाऊ शकतात. १९२९ मध्ये ॲटकिन्सन आणि हाउटरमन्स यांनी हाच विचार ताऱ्यांच्या ऊर्जेला लावला. तरीही सूर्यातील ही क्रिया फार संथ आहे. गाभ्याच्या मध्यभागी एका घनमीटरमागे निर्माण होणारी ऊर्जा सुमारे पावणेतीनशे वॅटच आहे. म्हणजे चार-पाच जुन्या विजेच्या दिव्यांपुरती! सूर्य तेजस्वी दिसतो तो त्याच्या अवाढव्य आकारामुळे.

पृथ्वीवर एवढा आकार आणि एवढा दाब मिळणे शक्य नाही. म्हणून येथे साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम व ट्रिटियम ही त्याची जड भावंडे वापरावी लागतात. त्यांचे संमीलन अधिक सुलभ आहे. तथापि उपयुक्त प्रमाणात ते होण्यासाठी दहा ते पंधरा कोटी अंशांपर्यंत तापमान न्यावे लागते. त्यातही केवळ तापमान पुरत नाही. १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात जॉन लॉसन या ब्रिटिश अभियंत्याने दाखवून दिले की, तापमान, कणांची दाटी आणि ती उष्णता टिकून राहण्याचा काळ या तिन्हींचा मेळ बसला तरच खर्चापेक्षा उत्पन्न अधिक होईल.

भिंग नेमके काय करते?

भिंग सूर्यकिरणांना एका बिंदूत आणते असे आपण बोलताना म्हणतो. पण ते अक्षरशः खरे नाही. सूर्य हा आकाशातील बिंदू नाही, ते एक बिंब आहे. त्याचा व्यास त्याच्या आपल्यापासूनच्या अंतराच्या सुमारे १०७ व्या भागाइतका आहे. म्हणून भिंगाच्या नाभीपाशी जो तेजस्वी ठिपका पडतो, ती सूर्याची प्रतिमा असते आणि तिचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे १०७ व्या भागाइतका असतो.

एक उदाहरण करून पाहू. १० सेंटिमीटर व्यासाचे आणि २० सेंटिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेतले, तर प्रतिमेचा व्यास सुमारे १.९ मिलिमीटर होईल. भिंगाचा व्यास त्याच्या सुमारे ५३ पट आहे; म्हणून प्रकाश सुमारे २,८०० पट दाट होईल. स्वच्छ उन्हात दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते असे धरले आणि भिंगातील व हवेतील नुकसान सोडून दिले, तर त्या ठिपक्यात ठेवलेला काळा पदार्थ सुमारे २,४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकेल.

आता भिंग दुप्पट मोठे करू. व्यास २० सेंटिमीटर आणि नाभीय अंतर ४० सेंटिमीटर. प्रकाश चौपट गोळा होईल हे खरे. परंतु प्रतिमेचे क्षेत्रफळही चौपट होईल! ठिपक्यातील प्रकाशाची दाटी होती तेवढीच राहील. मोठे भिंग मोठी वस्तू तापवील. परंतु अधिक तापवील असे नाही. 'किती उष्णता' आणि 'किती तापमान' हे दोन प्रश्न वेगळे आहेत, ही गोष्ट येथे पक्की ध्यानात ठेवावी.

मग नाभीय अंतर कमी करून व्यास वाढवीत गेलो तर? तसे केल्यास दाटी खरोखर वाढते. पण तिलाही सीमा आहे. हवेत ही सीमा सुमारे ४६,००० पट एवढी येते. त्यापलीकडे आरशांची वा भिंगांची कोणतीही रचना जाऊ शकत नाही.

सीमा कोठून आली?

हा आकडा वाटेल तसा आलेला नाही. क्षणभर अशी कल्पना करू की, आपण नाभीच्या ठिकाणी एक लहानशी गोळी होऊन बसलो आहोत. भिंगातून पाहिले असता आपल्याला सूर्य मोठा दिसतो, परंतु अधिक तेजस्वी दिसत नाही. त्याच्या बिंबाचा प्रत्येक भाग होता तेवढाच झळझळीत असतो. फक्त बिंब आकाशाचा अधिक भाग व्यापते. चोहोंकडून आरसे लावीत गेलो, तर शेवटी काय होईल? आकाशाचा कोपरा न् कोपरा सूर्याने भरून जाईल. यापुढे वाढ व्हायला जागाच उरणार नाही. जणू आपण अशा खोलीत बसलो की, जिच्या भिंती, छत आणि जमीन सूर्याच्या पृष्ठभागाची बनलेली आहेत. त्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आहे. भिंतींहून खोलीतील वस्तू अधिक तापेल काय? कदापि नाही.

हेच सत्य दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. ज्या वाटेने प्रकाश जातो, त्याच वाटेने तो परतही येऊ शकतो. समजा, आपली गोळी सूर्याच्या पृष्ठभागाहून अधिक तापली. तापलेली गोळी स्वतः प्रकाशू लागेल आणि त्याच भिंगातून, त्याच वाटेने, तिला मिळते त्याहून अधिक ऊर्जा सूर्याकडे परत जाऊ लागेल. म्हणजे ती थंड होत जाईल. जर तसे न होता ती तापतच राहिली, तर उष्णता थंड वस्तूकडून उष्ण वस्तूकडे आपण होऊन वाहिली असे होईल. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम हे साफ नाकारतो. पाणी जसे आपण होऊन उगमाहून उंच चढत नाही, तशी उष्णताही आपण होऊन आपल्या उगमाच्या तापमानाहून वर चढत नाही.

आकडेही या निष्कर्षाला दुजोरा देतात. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर सूर्याची ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट येते. तिला ४६,००० ने गुणले, तर सुमारे ६ कोटी ३० लक्ष वॅट येतात. आणि सूर्याच्या पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा नेमकी एवढीच आहे! उत्तमात उत्तम भिंग म्हणजे आपल्याला सूर्याच्या पृष्ठभागावर नेऊन ठेवणारे वाहन होय. त्याच्या आत शिरण्याचा दरवाजा नव्हे.

प्रत्यक्षातील सौरभट्ट्या

प्राचीन काळी आर्किमिडीजने आरशांनी शत्रूची गलबते जाळली अशी आख्यायिका आहे. ती इतिहासाच्या कसोटीला उतरलेली नाही. परंतु १७७२ च्या सुमारास लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॅरिस येथे मोठ्या भिंगाने हिरा जाळून दाखविला, हे सत्य आहे. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतात ओदेयो येथे १९६० च्या दशकात एक प्रचंड सौरभट्टी उभारण्यात आली. तेथे टेकडीच्या उतारावर ६३ सपाट आरसे सूर्याच्या गतीबरोबर वळत राहतात आणि समोरच्या इमारतीवर बसविलेल्या विशाल अंतर्गोल आरशाकडे किरण धाडतात. तिची शक्ती सुमारे १,००० किलोवॅट असून तीत तीन हजार अंशांच्याही वर तापमान मिळते. पोलाद तेथे पाण्यासारखे वितळते. उझबेकिस्तानात पारकेंत येथेही १९८० च्या दशकात अशीच भट्टी बांधली गेली. मानवाने बांधलेल्या या सर्वांत मोठ्या सौरभट्ट्यांपैकी आहेत. तरीही त्यांचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या खालीच आहे.

संमीलनाला लागणारे दहा कोटी अंश हे ५,५०० अंशांच्या सुमारे अठरा हजार पट होत. तप्त काळ्या पदार्थातून बाहेर पडणारी ऊर्जा त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताप्रमाणे वाढते, हा स्टेफान-बोल्टझमन यांचा नियम. तापमान दुप्पट तर ऊर्जा सोळा पट. या हिशेबाने दहा कोटी अंशांच्या पृष्ठभागातून सूर्यपृष्ठाच्या सुमारे ९ वर १६ शून्ये इतक्या पट ऊर्जा बाहेर पडेल. दरी किती खोल आहे, हे यावरून दिसेल.

आपल्या देशातील मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेले समीकरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. कोणत्या तापमानाला व दाबाला अणूंतील इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटे होतात, हे त्यातून कळते. त्यानुसार सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावरील बहुतेक हायड्रोजन अणूंचे इलेक्ट्रॉनसुद्धा सुटलेले नसतात. केंद्रके एकमेकांत मिसळण्याची गोष्ट तर दूरच. उत्तम भिंगाने केंद्रकांवरचे हे साधे पांघरूणही पुरते निघणार नाही. शिवाय विरळ हायड्रोजन वायू पारदर्शक असतो. प्रकाश त्यातून सरळ पार निघून जातो. तो तापविणार कोणाला?

गाभ्यातील उष्णता गेली कोठे?

कोणी विचारील, 'प्रकाश तर दीड कोटी अंशांच्या गाभ्यातून निघाला. मग त्याचे तेज वाटेत हरवले कोठे?' एकूण ऊर्जा हरवलेली नाही, तिचे रूप बदलले आहे. गाभ्यातून निघालेली ऊर्जा सरळ बाहेर येत नाही. ती पुनःपुन्हा शोषली जाते, पुनःपुन्हा बाहेर फेकली जाते आणि दीर्घकाळ भटकून पृष्ठभागाशी पोहोचते. या प्रवासात गाभ्यातील एका क्ष-किरण-कणाच्या ऊर्जेतून सरासरीने सुमारे अडीच हजार सौम्य प्रकाशकण तयार होतात. एखादा जड घण वितळवून त्याच्या अडीच हजार टाचण्या केल्या, तर लोखंडाचे वजन तेवढेच राहील. पण टाचण्यांचा ढीग कितीही एकवटून मारला तरी पहार ठोकली जाणार नाही. भिंग टाचण्या गोळा करते. त्यांचा पुन्हा घण करीत नाही.

मग दुसरा मार्ग आहे काय?

आहे, आणि तो समजून घेणे अगत्याचे आहे. पाणी आपण होऊन उगमाहून वर चढत नाही असे आपण म्हटले. परंतु वाहत्या पाण्यावर एक चाक बसविले आणि त्या चाकाच्या शक्तीने पंप चालविला, तर त्यातील थोडेसे पाणी उगमाहूनही उंच नेता येते. बरेचसे पाणी खाली सोडावे लागते, ही त्याची किंमत. उष्णतेचेही तसेच आहे. सूर्यप्रकाशाचे विजेत रूपांतर केले, तर त्या विजेवर तापमानाचे बंधन राहत नाही.

दहा हजार व्होल्टच्या दाबातून गेलेल्या ड्यूटेरियमच्या केंद्रकाला जी ऊर्जा मिळते, ती अकरा कोटी अंशांहून अधिक तापमानाशी तुल्य असते. १९३४ मध्ये केंब्रिज येथे रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी विजेच्या उच्च दाबाने ड्यूटेरियमचे कण ड्यूटेरियमवर आदळवून संमीलन घडवून आणले होते. तेव्हा सौरविजेवर असे यंत्र चालविले, तर सूर्यप्रकाशाने संमीलन घडले असे खुशाल म्हणता येईल! मात्र या रीतीत बहुतेक कण नुसतेच आदळून विखुरतात, आणि खर्चिलेल्या ऊर्जेचा अत्यल्प अंशच परत मिळतो.

दुसरे साधन लेसर. पहिला लेसर १९६० मध्ये मेमन यांनी तयार केला. लेसरचा प्रकाश तप्त वस्तूतून निघालेला नसतो, म्हणून सूर्यप्रकाशावरील बंधन त्याला लागू पडत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे १९२ लेसर-शलाका एकाच वेळी सोन्याच्या लहानशा नळकांड्यात सोडण्यात येतात. नळकांड्याच्या भिंतीतून निघालेले क्ष-किरण आतील इंधनाच्या इवल्याशा गोळीचे आवरण उडवून देतात आणि त्या धक्क्याने इंधन आत दाबले जाते. ५ डिसेंबर २०२२ रोजी तेथे लेसरची २० लक्ष ५० हजार जूल ऊर्जा आत गेली आणि संमीलनातून ३१ लक्ष ५० हजार जूल बाहेर आली. आत गेलेल्या प्रकाशाहून अधिक ऊर्जा प्रयोगशाळेत प्रथमच मिळाली.

परंतु जमाखर्च पुरता मांडला पाहिजे. तो लेसर चालविण्यासाठी सुमारे ३० कोटी जूल वीज लागली होती. आपल्या घरच्या मीटरच्या भाषेत ही सुमारे ८३ युनिट वीज झाली. आणि संमीलनातून मिळालेली ऊर्जा एका युनिटाहूनही कमी! समजा, एखाद्या शाळेच्या छपरावर १०० चौरस मीटर सौरपट्ट्या आहेत आणि भर उन्हात दर चौरस मीटरला २०० वॅट वीज मिळते. तर लेसरच्या एका स्फुरणापुरती वीज साठविण्यास १५,००० सेकंद, म्हणजे चार तास दहा मिनिटे लागतील. सिद्धांताच्या दृष्टीने सूर्यप्रकाशातून संमीलन शक्य आहे. पण एक युनिट मिळविण्यासाठी ८३ युनिटे खर्च करणारा व्यापारी दिवाळखोरच ठरेल. त्यापेक्षा त्या ८३ युनिटांनी शाळेचे दिवे व पंखे चालविणे शहाणपणाचे.

यावरून काय घ्यावे?

संमीलनाच्या संशोधनाला अर्थ नाही, असा याचा अर्थ नव्हे. १९५५ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी दोन दशकांत नियंत्रित संमीलनाचा मार्ग सापडेल, अशी आशा व्यक्त केली होती. मार्ग त्यांच्या अपेक्षेहून पुष्कळ लांबला. पण प्रवास थांबलेला नाही. आमच्या बडोद्याहून फार लांब नसलेल्या गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये 'आदित्य' हे यंत्र कार्यान्वित झाले. तेथे भिंग नाही. चुंबकीय क्षेत्राच्या अदृश्य भांड्यात तप्त द्रव्य कोंडून ठेवण्याचा प्रयत्न आहे. फ्रान्समधील 'इटर' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत २००५ मध्ये सामील झाला आणि त्या यंत्राभोवतीचे महाकाय शीतपात्र सुरतेजवळील हजिरा येथे तयार झाले. यंत्राला सूर्याचे नाव दिले असले, तरी त्याला सूर्याच्या पृष्ठभागाशी नव्हे, तर गाभ्याहूनही उष्ण अशा स्थितीशी गाठ घालावयाची आहे.

आणि एकवटलेला सूर्यप्रकाशही निरुपयोगी नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात अंतर्गोल आरशांनी निर्माण केलेल्या वाफेवर अन्न शिजविण्याची योजना २००९ मध्ये सुरू झाली. भात शिजविण्यास कोट्यवधी अंश लागत नाहीत. ज्या कामाला जेवढे तापमान हवे, तेवढेच साधन योजणे यातच शास्त्राचा खरा उपयोग आहे.

तेव्हा उद्या कोणी मैलभर लांबीच्या आरशाचा आराखडा दाखवून कोटी अंशांचे वचन देऊ लागला, तर विद्यार्थी मित्रांनो, त्याला आरशाची लांबी विचारू नका. 'तुमच्या प्रकाशाच्या उगमाचे तापमान किती?' एवढेच विचारा. त्या एका प्रश्नाने खऱ्याखोट्याची निवड होईल.

शेवटी घरी सोडविण्यासाठी दोन प्रश्न देतो. शनीवरून सूर्यबिंब फारच लहान दिसते आणि तेथील ऊन अगदी मंद आहे. मग तेथे सर्वोत्तम भिंगाने मिळणारे कमाल तापमान पृथ्वीवरच्यापेक्षा कमी असेल काय? आणि पौर्णिमेचे चांदणे उन्हाच्या सुमारे चार लक्षांश असते, पण चंद्रबिंब सूर्यबिंबाएवढेच दिसते. तर सर्वोत्तम भिंगाने चांदण्यात कागद पेटेल काय? वर दिलेला ४६,००० हा आकडा हाताशी ठेवावा आणि उत्तर आधी मनाशी ठरवून मगच गणिताने पडताळून पाहावे.